चार दिवस, पाच माणसे आणि नाताळातले कोल्हापूर

ताई, नमस्कार. तुम्ही पाच जण नाशिकहून २५ ते २८ डिसेंबर असे चार दिवस कोल्हापूरला येत आहात. सोबत ८ वर्षांची मुलगी, १४ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या ७२ वर्षांच्या सासूबाई आहेत. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, कणेरी मठ, न्यू पॅलेस, रंकाळा आणि दाजीपूर अशी ९ ठिकाणांची यादी तुम्ही केली आहे आणि ती चार दिवसांत कशी बसवावी, असे विचारले आहे. जाता जाता तुम्ही मुलाचे एक वाक्यही लिहिले आहे: “देवळे आणि किल्ले तर सगळीकडेच असतात, कोल्हापुरातच वेगळे काय आहे?” गेली २२ वर्षे मी बाहेरगावच्या पाहुण्यांना कोल्हापूर आणि आसपासचा मुलूख दाखवण्याचे काम करतो, आणि माझ्या मते या सगळ्यात खरा प्रश्न तुमच्या मुलाचा आहे. त्याचे उत्तर मिळाले की तुमच्या यादीचे काय करायचे ते आपोआप ठरेल.

आधी यादीविषयी. नकाशावर पाहिले तर ही नऊ ठिकाणे चार दिवसांत सहज बसतात, कारण अंतरे फार नाहीत. पन्हाळा साधारण २० किलोमीटर, जोतिबा त्याच वाटेवर, कणेरी मठ १२-१५ किलोमीटरवर, वाडी ५० किलोमीटरच्या आसपास. अडचण आहे ती घड्याळाची. नाताळच्या आठवड्यात कोल्हापुरात एकाच वेळी तीन प्रकारची गर्दी असते. पहिली अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची. दुसरी गोव्याला किंवा कोकणात निघालेल्या आणि वाटेत एक दिवस इथे थांबणाऱ्या मंडळींची. यांना सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेत दर्शन, मिसळ, चप्पल आणि जेवण एवढे सगळे उरकायचे असते. तिसरी गर्दी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, ती शाळांच्या सहलींची. डिसेंबर हा सहलींचा महिना असल्यामुळे एसटीच्या गाड्या भरभरून मुले पन्हाळा, न्यू पॅलेस आणि कणेरी मठ येथे येत असतात, आणि त्यांचा मुक्काम प्रत्येक ठिकाणी साधारण साडेदहा ते चार या वेळेत पडतो. या तिन्ही गर्द्या टाळायच्या असतील तर कुठे जायचे यापेक्षा कधी जायचे हे अधिक महत्त्वाचे ठरते.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करतो. तुमच्या चार दिवसांत मंगळवार, गुरुवार, शुक्रवार किंवा रविवार यांपैकी कोणता वार कोणत्या तारखेला येतो, त्या वर्षी डिसेंबरअखेरीस मार्गशीर्ष चालू आहे की संपला आहे, तुम्ही स्वतःची गाडी आणता की महालक्ष्मी एक्स्प्रेससारख्या गाडीने येऊन इथे वाहन घेता, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सासूबाईंना सलग किती वेळ उभे राहता येते, यावर बरेच काही ठरेल. म्हणून तासातासाचे वेळापत्रक मी देत नाही. मी स्वतः पाहुण्यांचे दिवस कसे आखतो आणि तसे का आखतो, ते सांगतो.

अंबाबाईपासून सुरुवात करू. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार, आणि मार्गशीर्ष असेल तर गुरुवारी महालक्ष्मीच्या व्रतामुळे बायकांची मोठी रांग असते. या वारांना सकाळी उजाडल्यानंतर सासूबाईंना रांगेत उभे करू नका. मंदिर पहाटेच उघडते, आणि पहाटे पाच-साडेपाचला पोहोचलेल्या माणसाला जे दर्शन मिळते ते अकरा वाजता आलेल्याला तीन तास उभे राहूनही मिळत नाही. मुलांना एवढ्या लवकर उठवणे जिवावर येत असेल, तर तुम्ही दोघे सासूबाईंना घेऊन पहाटे जा आणि मुलांना त्याच दिवशी रात्री, गर्दी ओसरल्यावर, मुखदर्शनाच्या रांगेतून न्या. मुखदर्शन म्हणजे गाभाऱ्याजवळ न जाता समोरून घेतलेले दर्शन. त्याची रांग वेगळी असते आणि ती भरभर सरकते. शुक्रवार तुमच्या तारखांत येत असेल तर रात्रीच्या पालखीसाठी थांबता येते. ती मुलांना रांगेपेक्षा कितीतरी अधिक आवडते.

याच संदर्भात एक गैरसमज दूर करतो, कारण दर डिसेंबरला मला तो कुणीतरी ऐकवतोच. मावळत्या सूर्याची किरणे देवीच्या मूर्तीवर पडतात तो किरणोत्सव नाताळात नसतो. मंदिर पश्चिमाभिमुख आहे, आणि सूर्य दक्षिणेकडे जाताना नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, तर उत्तरेकडे परतताना ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, तो मावळतीला महाद्वाराच्या रेषेत येतो. डिसेंबरअखेरीस सूर्य दक्षिणेच्या टोकाशी असतो, त्यामुळे किरणे गाभाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मुलाला भूगोलात थोडी गोडी असेल तर त्याला देवळाच्या आवारात उभे करून हे समजावून सांगा. पश्चिमेकडचा दरवाजा, लांबलचक मंडप आणि सूर्याचा प्रवास यांचा मेळ ज्यांनी घातला, त्यांच्या हिशेबाचे कौतुक त्याला नुसत्या नमस्कारापेक्षा जास्त वाटेल, असा माझा अनुभव आहे.

मुक्कामाची जागा मंदिरापासून सासूबाईंना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर घ्या, मग ती खोली थोडी जुनी आणि लहान असली तरी चालेल. गर्दीच्या दिवशी मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात. दसरा चौकात किंवा बिंदू चौकात गाडी लावून पुढे पायी जावे लागते, आणि रिक्षावाल्याची इच्छा असली तरी तो तुम्हाला महाद्वारापर्यंत सोडू शकत नाही. स्टेशन रोडची मोठी हॉटेले एरवी सोयीची आहेत. या आठवड्यात मात्र गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी नाहीत.

पन्हाळा आणि जोतिबा यांच्याबाबत माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, २५ डिसेंबरलाच, एका कुटुंबाच्या आग्रहामुळे मी सकाळी जोतिबा आणि दुपारी पन्हाळा असा बेत मान्य केला. वार रविवार होता, म्हणजे जोतिबाचा वार. डोंगरावरून खाली उतरायलाच दोन तास लागले, पन्हाळ्याच्या चढावर गाड्यांची रांग लागलेली होती, आणि आम्ही गडावर पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. त्यांच्या आजी सबंध दिवस गाडीत बसून होत्या. त्या मला काही बोलल्या नाहीत, आणि त्यामुळेच मला अधिक वाईट वाटले. तेव्हापासून माझा नियम असा की या आठवड्यात पन्हाळ्यावर सकाळी आठच्या आत पोहोचायचे आणि अकराला सहलींच्या गाड्या वर येऊ लागल्या की खाली उतरायचे. जोतिबा रविवार सोडून कोणत्याही दिवशी, त्याच वाटेवर, परतताना घ्यायचा. जोतिबाला गुलाल अंगावर पडतोच, तेव्हा त्या दिवशी मुलांना जुने कपडे घाला.

सकाळी आठ वाजता पन्हाळा थंड असतो, वारा बोचरा असतो आणि स्वेटरची गरज भासते. दुपारी मात्र शहरात ऊन चटके देते. गडाचे मोठेपण असे की सासूबाईंना फारसे चालावे लागणार नाही, कारण तीन दरवाजा, अंबारखाना आणि सज्जा कोठी यांच्या जवळपर्यंत गाडी जाते. अंबारखान्यातल्या गंगा कोठीत मुलीला घेऊन जा आणि धान्य ओतण्यासाठी वर ठेवलेली भोके दाखवा. अंधारबावडीत उतरताना मुलांचा हात धरा, आत उजेड कमी असतो. बाकी बुरूज आणि उद्याने वेळ उरला तरच.

मुलाला मात्र राजदिंडीपाशी, म्हणजे तटातल्या लहान दरवाजापाशी, न्या. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून जुलै १६६० मध्ये, भर पावसातल्या रात्री, शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले ती वाट इथून उतरते. शिवा काशिद आणि घोडखिंडीतले बाजीप्रभू यांच्या गोष्टी त्याने शाळेत वाचलेल्या असतीलच. पण दिंडीत उभे राहून समोरची झाडी आणि मागची तटबंदी पाहिली की चिखल, काळोख आणि अंतर या तिन्ही गोष्टींचा अंदाज येतो. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत पन्हाळाही आहे. पावनखिंडीपर्यंतची पदभ्रमंती पावसाळ्यातली असते. हिवाळ्यात तिचा हट्ट धरू नका.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. देवळे आणि किल्ले सगळीकडे असतात हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण कोल्हापुरात हिवाळ्यात जे घडते ते सगळीकडे घडत नाही, आणि गंमत अशी की ते कुणाच्या यादीत नसते, कारण त्याला तिकीट नसते आणि फलकही नसतो. यातले पहिले म्हणजे गुऱ्हाळ.

दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळे सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतात, म्हणजे डिसेंबरअखेरीस हंगाम भरात असतो. पन्हाळ्याच्या आणि कागलच्या रस्त्यालगतच्या गावांत शेतातून धूर दिसला आणि वाऱ्यावर गोडसर वास आला की समजावे. चालत्या गुऱ्हाळावर काय पाहायचे हे ठाऊक नसेल तर माणूस पाच मिनिटांत रस पिऊन परत फिरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घाण्यावर ऊस पिळून रस काढतात, तो मोठ्या काहिलीत घालतात आणि खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडे जाळतात. रस तापला की त्यात भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालतात; त्या चिकटपणात रसातली घाण अडकते आणि मळी होऊन वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. एक आधण उतरायला अडीच-तीन तास लागतात. या सर्व वेळात एका माणसाकडे लक्ष ठेवायला मुलाला सांगा, तो म्हणजे गुळव्या. त्याच्याकडे थर्मामीटर नसतो. फेस कसा फुटतो, वाफेचा रंग कसा आहे, उलथन्यावरून धार कशी पडते हे पाहत तो चुलवाणावरच्या जळव्याला जाळ वाढवायला किंवा ओढायला सांगतो. शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो. गोळी हवी तशी वळली की काही क्षणांत काहील उतरवावी लागते. थोडा उशीर झाला तर गूळ करपून काळा पडतो आणि थोडी घाई झाली तर ढेप बसतच नाही. काहिलीतला पाक वाफ्यात ओतून तो निवेपर्यंत ढवळतात आणि मग साच्यांत भरतात. साच्यातून निघालेल्या ढेपेला इकडे रवा म्हणतात, आणि बाजारपेठेतला मोठा रवा ३० किलोचा असतो.

माझ्याबरोबर आलेली मुले काहिलीपाशी ज्या शांतपणे उभी राहतात, तेवढी शांत ती मला संग्रहालयात कधी दिसलेली नाहीत. अर्थात उकळती काहील हा धोका आहे. ८ वर्षांच्या मुलीचा हात एका मोठ्या माणसाने पूर्ण वेळ धरून ठेवायचा, आणि काहील उतरवण्याच्या वेळी सर्वांनी मागे सरायचे. गुऱ्हाळ हे कामाचे ठिकाण आहे, त्यामुळे मालकाला आधी विचारावे, रस आणि काकवी प्यायल्यावर पैसे द्यावेत, ते नको म्हणाले तर निदान दोन-चार किलो गूळ विकत घ्यावा. पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये, कारण तेजस्वी पिवळा रंग पुष्कळदा रसायनाने आणलेला असतो; स्वच्छ केलेला साधा गूळ तांबूस-तपकिरी दिसतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु मजुरांची टंचाई आणि साखर कारखान्यांकडे जाणारा ऊस यांमुळे गुऱ्हाळे दर वर्षी कमी होत चालली आहेत. माझ्या ओळखीची काही आता बंद आहेत, म्हणून आदल्या दिवशी स्थानिक माणसाकडे चौकशी केल्याशिवाय निघू नका. पन्हाळ्यावरून अकराला उतरल्यावर दुपारचे गुऱ्हाळ, हा माझा सर्वांत आवडता बेत आहे. सासूबाईंना तिथे खुर्ची मिळते, सावली मिळते, आणि त्यांच्या लहानपणाच्या आठवणी निघतात त्या वेगळ्याच.

दुसरी गोष्ट म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान १९१२ चे आहे. मधोमध उंचावलेला आखाडा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक, अशी त्याची रचना असल्यामुळे कुठेही बसले तरी कुस्ती दिसते. मैदान रिकामे असले तरी पाच मिनिटे वरच्या कडेला बसून पाहा. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. १९१५ ची ती वास्तू ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाली, आणि त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणारी माणसे मी पाहिली आहेत. चालती कुस्ती पाहायची असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी गंगावेश, मोतीबाग किंवा शाहूपुरी यांपैकी एखाद्या तालमीत सराव पाहता येतो, मात्र त्यासाठी वस्तादांची परवानगी आधी घ्यावी. मातीत चपला घालून पाऊल टाकू नये, कारण ती माती हळद, ताक, तेल आणि कापूर घालून तयार केलेली असते आणि पैलवान तिला नमस्कार करूनच आत उतरतो. काही तालमींत बायकांनी आत जाण्याची प्रथा नाही. ते मला पटते असे नाही, पण दारात जाऊन परत फिरण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. हेलसिंकीच्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले, हे मुलाला आधी सांगून ठेवा.

फुटबॉलचे मात्र बाहेरच्यांना खरोखरच आश्चर्य वाटते. इथे तालमींच्या नावांनी फुटबॉलचे संघ आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ असे, आणि त्यांच्यामागे अख्ख्या पेठा उभ्या असतात. शहराचा हंगाम साधारण डिसेंबरच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर चालतो. तुमच्या चार दिवसांत सामना असेल तर मुलगा आणि त्याचे वडील यांनी यादीतले काहीही सोडून तिथे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. दोन मातब्बर पेठांचा सामना असेल तर प्रेक्षकांत चढाओढ जोरात असते, म्हणून लहान मुलीला त्या दिवशी नेऊ नका आणि बसायला कडेची जागा घ्या. सामना आहे की नाही, हे स्थानिक वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर किंवा कोणत्याही पेठेतल्या पानपट्टीवर कळते. दुसरा मार्ग अधिक खात्रीचा आहे.

दुपारच्या उन्हाचे काय करावे, असा प्रश्न उरतो. माझ्या मते दुपारी बारा ते साडेतीन हा वेळ जेवण, विश्रांती आणि छपराखालच्या गोष्टींसाठी राखावा. न्यू पॅलेस बहुतेकांना ठाऊक असतो. मेजर मँट यांनी आराखडा केलेली ती १८८४ ची काळ्या दगडाची इमारत पाहण्यासारखी आहेच, पण सहली तिथेच असतात, म्हणून उघडताच जा. त्याऐवजी किंवा त्याबरोबरच टाउन हॉलमधले संग्रहालय पाहा, जे मंदिरापासून फार लांब नाही आणि जिथे दुपारी सहसा शांतता असते. तिथे पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची लहानशी रोमन कांस्यमूर्ती आहे. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या पलीकडे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हा देव कसा आला असेल, हा प्रश्न मी प्रत्येक मुलाला विचारतो आणि उत्तर लगेच देत नाही. चित्रांची आवड असेल तर राजारामपुरीत अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे. ते लहान आहे आणि सासूबाईंना त्यांचे चित्रपट आठवत असतील तर त्यांना विशेष आवडेल. सोमवार येत असेल तर संग्रहालयांच्या सुट्टीची चौकशी आधी करा.

लांबच्या ठिकाणांपैकी एकच निवडा, आणि ते खिद्रापूर असावे. वाडी वाटेवरच आहे, तेव्हा दोन्ही एका दिवसात होतात. फक्त त्या दिवसांत दत्तजयंती येत नाही ना, एवढे पंचांगात पाहून घ्या, नाहीतर वाडीला पाय ठेवायला जागा नसते. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले आहे. त्याच्या स्वर्गमंडपाचे छत मधोमध गोल उघडे ठेवलेले आहे आणि खाली त्याच आकाराची गोल शिळा आहे. आकाश थेट देवळात उतरते, असे वाटते. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, त्यामुळे उजेडाचे वर्तुळ शिळेवर न पडता उत्तरेकडे सरकून खांबांवर चढते, आणि त्या तिरप्या उजेडात खांबांचे कोरीवकाम जेवढे उठून दिसते तेवढे उन्हाळ्यात दिसत नाही. पायऱ्या फार नाहीत. गावात जेवणाची मोठी सोय नाही, म्हणून वाडीला दर्शन घेऊन, तिथेच जेवून, बासुंदी आणि पेढे घेऊन पुढे जावे.

दाजीपूर या वेळी सोडा. गव्यांचे ते अभयारण्य सुंदर आहे, पण साधारण ८० किलोमीटरचा घाटवळणांचा रस्ता, जंगलातली खडबडीत वाट आणि गवा दिसेलच याची नसलेली हमी, हे सासूबाईंच्या गुडघ्यांना आणि कमरेला परवडणारे नाही. कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय मुलीला आवडेल. बलुतेदार, शेतकरी, बाजार यांचे हुबेहूब पुतळे आहेत, पण चालणे बरेच आहे. नाशिकला परतण्याच्या दिवशी ते ठेवू नका, कारण ते दक्षिणेला आहे आणि तुम्हाला उत्तरेला जायचे आहे.

रस्त्याविषयी एक सूचना फार महत्त्वाची. हा ऊसतोडीचा हंगाम आहे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर कारखान्यांकडे जात असतात, अनेकांना मागे दिवा नसतो आणि उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या असतात. अंधार पडल्यावर वाडी, खिद्रापूर किंवा पन्हाळा या रस्त्यांवर स्वतः गाडी चालवू नका. सूर्य मावळण्याच्या आत शहरात परत या.

खाण्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण कोणते हॉटेल चांगले यावर कोल्हापुरात दोन माणसांचे एकमत झालेले मी पाहिलेले नाही. मिसळ सकाळी नऊच्या आत खा, म्हणजे रांग लागत नाही. ती इथे पावाच्या स्लाइसबरोबर मिळते, आणि कट जपून मागावा. मटणाचे ताट साडेबाराच्या आत. मुलीला तांबडा रस्सा झेपणार नाही, पण नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा मुले वाटीने पितात. सासूबाई शाकाहारी असतील तर अख्खा मसूर, झुणका आणि भाकरी कुठेही मिळते, आणि रस्त्याकडेला हरभऱ्याच्या डहाळ्याच्या पेंढ्या दिसल्या तर एक घ्याच. संध्याकाळी रंकाळ्यावर फेरफटका मारून भेळ खावी. रात्री गंगावेशीच्या बाजूला दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि समोर धार काढून ग्लासात फेसाळ दूध देतात. ते पाहायला मुलांना जरूर न्या. प्यायच्या बाबतीत मात्र, सवय नसलेल्या पोटाला कच्चे दूध बाधू शकते, म्हणून मी पाहुण्यांच्या मुलांना आणि वृद्धांना तापवलेलेच दूध देतो. यावरून माझी इथल्या मित्रांत थट्टा होते, पण सुट्टीतला एक दिवस दवाखान्यात घालवण्यापेक्षा थट्टा परवडते.

चपलांची खरेदी भवानी मंडपाच्या बाजूला चप्पल लाईनमध्ये होते. खरी कोल्हापुरी चप्पल चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. तळ उलटा करून टाके पाहावेत, आणि तळात खिळे किंवा चामड्याच्या थरात पुठ्ठा दिसला तर परत ठेवावी. नवी चप्पल पहिल्याच दिवशी घालून पन्हाळ्यावर जाण्याची चूक करू नका. अंगठ्याला फोड येतात. ती रात्री तेल लावून ठेवावी आणि आधी घरात वापरावी. किमतीत घासाघीस चालते, पण कारागिराच्या हातच्या जोडाला शंभर रुपयांसाठी फार ताणू नये, असे माझे मत आहे.

तर मी तुमचे दिवस साधारण असे लावेन: पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण काढून संध्याकाळी रंकाळा आणि खासबाग, दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंसह अंबाबाई, दुपारी टाउन हॉल, सामना असेल तर सामना, आणि रात्री मुलांना मुखदर्शन, तिसऱ्या दिवशी सकाळी पन्हाळा, उतरताना जोतिबा आणि गुऱ्हाळ, चौथ्या दिवशी वाडी आणि खिद्रापूर. शनिवार-रविवार कुठे येतो ते पाहून तिसरा आणि चौथा दिवस अदलाबदल करता येईल. तुम्ही चौथ्याच दिवशी परत निघणार असाल तर खिद्रापूर सोडून त्या सकाळी न्यू पॅलेस घ्या आणि दुपारच्या आत निघा, कारण पुण्याकडच्या महामार्गावर कामे चालू असल्यामुळे सुट्टी संपताना गाड्या तासन् तास अडकतात.

गूळ घ्यायचा झाला तर गुऱ्हाळावरूनच, आणि एका मोठ्या रव्याऐवजी एक-एक किलोच्या लहान ढेपा घ्या. ओल लागली की गूळ पाघळतो, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत न बांधता कागदात गुंडाळून, डिकीत पाण्याच्या बाटल्यांपासून दूर ठेवा. काकवीची बाटली मात्र उभीच ठेवायची आणि झाकण दोनदा तपासायचे. ती एकदा सांडली की गाडीतून पुढच्या हिवाळ्यापर्यंत मुंग्या जात नाहीत.